बापू, आता लोक तुझ्याकडे येतील

केळापूर तालुका, जि. यवतमाळ
श्रावण

चि. बापूस आईचे अनेक आशीर्वाद.

नागपूरला राहून, परदेशात खोट्या गुन्ह्यात अडकलेल्यांच्या घरच्यांसाठी काम करायचं तू ठरवलंस. माझी आणि बाबांची त्याला मनापासून संमती आहे. तू स्वतः परदेशातल्या तुरुंगात राहून आलास, आतलं सगळं तू जाणतोस. बाहेर राहून कागदांचं काय करावं लागतं ते मला ठाऊक आहे, आणि माणूस सुटतो की आतच सडतो हे पुष्कळदा त्या कागदांवरच ठरतं. म्हणून पत्र लांबलं आहे. जपून ठेव, लागेल.

परदेशातल्या तुरुंगांत दहा हजारांहून जास्त भारतीय आहेत, असं सरकारनेच २०२५ मध्ये संसदेत सांगितलं. सगळ्यात जास्त सौदी अरेबिया आणि यूएईत. ते सगळेच निर्दोष नाहीत. तुझ्याकडे येणारी प्रत्येक माय मात्र 'माझं लेकरू निर्दोष आहे' असंच म्हणेल. तू निकाल देत बसू नकोस. दोषी असला तरी त्याला दुभाषा, वकील आणि दूतावासाची भेट मिळालीच पाहिजे, आणि निर्दोष माणूस सुटतो तोही याच तिघांच्या जोरावर.

पहिल्या भेटीत माणसं रडतील, एजंटला शिव्या देतील. रडू दे. मग वही काढ आणि पासपोर्ट नंबर विचार. नाव पुरत नाही. आपली नावं अरबीत लिहिली जाताना 'विठ्ठल'चं काय होईल सांगता येत नाही, कधी बापाचं नाव आडनाव होऊन बसतं. नंबर मात्र बदलत नाही. घरी झेरॉक्स नसेल तर व्हिसाच्या कागदावर नंबर असतो, एजंटला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या फोटोत असतो, कधी बँकेच्या केवायसीत सापडतो. त्यानंतर व्हिसा कोणता होता ते विचार, नोकरीचा की फिरण्याचा. मालकाचं, म्हणजे कफीलचं नाव आणि फोन घे. शेवटचा फोन कोणत्या नंबरवरून, कोणत्या तारखेला, किती वाजता आला ते लिहून घे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्याला नेमकं कोणी धरलंय? पोलिसांनी, इमिग्रेशनने, की कंपनीनेच खोलीत कोंडलंय? घरचे तिन्हीला 'जेल' म्हणतात. पोलिसांत असेल तर वकील हवा. इमिग्रेशनच्या कोठडीत असेल तर बहुतेक वेळा दंड आणि परतीचा कागद हवा. कंपनीने कोंडलं असेल तर उलट पोलीसच हवेत. इथे चूक झाली की महिनाभर भलत्याच दाराशी उभं राहावं लागतं.

तक्रार परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर टाकायची. हे २०१५ पासून सुरू आहे, तुरुंगात असलेल्यांसाठी त्यात वेगळा प्रकार निवडता येतो. घरातून एकच तक्रार जाऊ दे. काका, मेहुणा, मित्र सगळ्यांनी टाकल्या की प्रत्येकात स्पेलिंग वेगळं पडतं आणि एकाच माणसाच्या पाच फायली होतात. तक्रारीचा नंबर वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिही. पुढचं प्रत्येक पत्र, खासदारांना दिलेलं निवेदनसुद्धा, त्या नंबरसकट जाऊ दे. इंटरनेट नसलेल्या घरासाठी प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा १८०० ११ ३०९० हा फोन आहे. पैनगंगेपलीकडच्या निर्मल, जगतियाल, निजामाबाद भागातून पिढ्यान्पिढ्या माणसं आखातात जातात. तिथल्या कार्यकर्त्यांशी ओळख ठेव. त्यांना जे तोंडपाठ आहे ते आपल्या जिल्ह्यात शिकवायला कोणी नाही.

आता दूतावासाबद्दल. १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या ३६ व्या कलमाप्रमाणे परदेशी माणसाला पकडलं की 'तुझ्या दूतावासाला कळवू का' हे त्याला विलंब न लावता सांगावं लागतं. पण दूतावासाला कळवणं बंधनकारक होतं ते त्याने मागणी केल्यावर. मागितलंच नाही तर पुष्कळ ठिकाणी कोणी कळवत नाही. शिवाय अनेक देशांचे खासगीपणाचे कायदे असे आहेत की कैद्याने संमती दिल्याशिवाय तुरुंग आपल्या दूतावासाला नावसुद्धा सांगत नाही. म्हणून आतून फोन आला, दोनच मिनिटं मिळाली, तर घरच्यांनी एवढंच सांगायचं: 'इंडियन एम्बसी' हे दोन शब्द रोज म्हण, संमतीचा कागद माग, त्यावर सही कर. बाकीची विचारपूस नंतर.

या कलमाचं वजन किती आहे ते कुलभूषण जाधव प्रकरणात दिसलं. मार्च २०१६ मध्ये त्यांना पकडल्यावर भारताला कळवायला पाकिस्तानने तीन आठवडे लावले आणि भेटही दिली नाही. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १७ जुलै २०१९ ला निकाल दिला की हा कराराचा भंग आहे, भेट द्या आणि शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करा. सुटका करा असं न्यायालय म्हणालं नाही. हे घरच्यांना नीट समजावून सांग, कारण दूतावासाबद्दलही तेच आहे. दूतावासाचा माणूस भेटू शकतो, पत्र नेऊ-आणू शकतो, वकील मिळवून देऊ शकतो, खटल्याला हजर राहू शकतो. तो जामीन देऊ शकत नाही, त्या देशाच्या न्यायाधीशाला हुकूम करू शकत नाही. गरजू कैद्याच्या वकिलासाठी २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. तो आपोआप मिळत नाही, ऐपत नसल्याचं दाखवून लेखी मागावा लागतो. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आणि सातबारा इथे कामी येतो.

जबाबावरची सही ही सगळ्यात घातक जागा. अरबीत लिहिलेला कबुलीजबाब, दुभाषा नाही, किंवा असलाच तर पोलिसांनीच आणलेला. नागरी आणि राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या १४ व्या कलमात फुकट दुभाष्याचा हक्क आहे, पण सौदी आणि यूएई त्या करारात सामीलच नाहीत. तिथे त्यांच्या स्वतःच्या फौजदारी कायद्यावर बोट ठेवावं लागतं, आणि ते काम तिथल्या वकिलाचं. कैद्याने करायचं ते एवढंच: सही करावीच लागली तर मराठीत करायची आणि बाजूला देवनागरीत लिहायचं, 'हा मजकूर मला वाचता येत नाही, वाचून दाखवलेला नाही, तारीख अमुक.' पुढे वकिलाला कोर्टात दाखवायला त्याच कागदावर काहीतरी उरतं. मार बसत असेल तर हट्ट करू नये, जीव आधी. पण मग पहिल्या दूतावास-भेटीत, पहिल्या तारखेला न्यायाधीशापुढे आणि तुरुंगाच्या डॉक्टरपुढे ते बोलायचंच. सहा महिन्यांनी सांगितलेला मार वकिलाने शिकवलेला वाटतो.

अपिलाची मुदत आपल्याकडच्यासारखी ऐसपैस नसते. यूएईत फौजदारी निकालावर १५ दिवस, सौदीत ३०. निकालाची बातमी गावात पोचेपर्यंतच त्यातले निम्मे गेलेले असतात. म्हणून वकीलपत्र निकालाची वाट न पाहता आधीच तयार ठेवायचं. इथे नोटरी, मग मंत्रालयातलं गृह खातं, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टील, म्हणजे कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून लागणारा शिक्का. ज्या देशांना अपोस्टील चालत नाही त्यांच्यासाठी वर त्यांच्या दूतावासाचा शिक्का, आणि तिकडे पोचल्यावर अधिकृत अनुवाद. यात एक शिक्का राहिला की कागद परत येतो. कैद्याने आतूनच तुरुंगामार्फत वकीलपत्र दिलं तर ते पुष्कळदा लवकर होतं. दूतावासाला आधी तेच विचारायचं.

बापू, आता सांगते ते सगळ्यात जास्त ध्यानात ठेव. निर्दोष असल्याचा पुरावा बहुतेक वेळा त्या देशात नसतो, इथे असतो. २०१९ मध्ये मुंबईचं एक जोडपं कतारला फिरायला गेलं. सहल नात्यातल्या बाईने घडवून दिलेली, सोबत ओळखीच्याला द्यायला एक पाकीट. दोहाच्या विमानतळावर त्यात चार किलोच्या आसपास चरस निघाला. दोघांना दहा वर्षांची शिक्षा झाली. बाई गरोदर होती, लेकरू तुरुंगात जन्माला आलं. घरच्यांनी इथे फोनवरचं रेकॉर्ड झालेलं बोलणं अमली पदार्थ नियंत्रण विभागापुढे ठेवलं. विभागाने इथल्या टोळीचा तपास केला, ती माहिती सरकारी मार्गाने कतारला गेली. २०२१ मध्ये दोघं निर्दोष सुटून परत आले. २०२३ मध्ये एका अभिनेत्रीला ऑडिशनच्या नावाने शारजाला पाठवताना हातात ट्रॉफी दिली, ट्रॉफीत अमली पदार्थ. मुंबई पोलिसांनी इथल्या आरोपींना धरलं आणि मग ती तिकडे तुरुंगाबाहेर आली. दोन्ही ठिकाणी चावी भारतात नोंदलेल्या गुन्ह्यात होती.

तेव्हा घरच्यांना पहिल्याच दिवशी सांग: फोन बदलू नका, विकू नका, व्हॉट्सअ‍ॅप पुसू नका, एजंटशी भांडण झालं तरी त्याला ब्लॉक करू नका. चॅट एक्स्पोर्ट करून ठेवायचे, पण मूळ फोनही जपायचा. कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमाचं प्रमाणपत्र लागतं, जुन्या कायद्यात ते ६५-ब होतं. कॉल रेकॉर्ड कंपन्या दोन वर्षं ठेवतात, पण ते घरच्यांना देत नाहीत, पोलिसांना किंवा कोर्टालाच देतात. म्हणून एफआयआर लवकर हवा. दुकानातले, बसस्टँडवरचे सीसीटीव्ही त्याहून लवकर पुसले जातात. एजंटला दिलेल्या पैशाचं बँक स्टेटमेंट, यूपीआयचे स्क्रीनशॉट, आणि रोख दिले असतील तर तेव्हा हजर असलेल्यांची नावं. ठाणेदार 'घटना परदेशातली, आमची हद्द नाही' म्हणेल. फसवणूक इथे झाली, पैसे इथे दिले, पाकीट इथे हातात ठेवलं, तर गुन्हा इथलाच. भारतीय न्याय संहितेचं ३१८ कलम फसवणुकीचं, १४३ माणसांच्या तस्करीचं, आणि एजंट नोंदणी नसलेला असेल तर १९८३ चा उत्प्रवासन कायदाही लागतो. तरी घेत नसेल तर तक्रार पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने, पावती फायलीत.

सरकारकडून काहीच कळत नसेल तर माहिती अधिकारात अर्ज करायचा आणि त्यात सातव्या कलमाचा आधार स्पष्ट लिहायचा: माणसाच्या जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी संबंध असलेली माहिती ४८ तासांत द्यावी लागते. नात्याचा पुरावा जोडायचा, नाहीतर 'तिऱ्हाइताची माहिती' म्हणून नाकारतात. त्यानेही हललं नाही तर उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ, राज्यघटनेच्या २२६ कलमाखाली याचिका. दूतावासाची भेट आणि वकील मिळवून द्या, एवढीच नेमकी मागणी असावी. बायकांना, अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना विधी सेवा प्राधिकरणाकडून उत्पन्न न पाहता फुकट वकील मिळतो. आपल्याकडच्या कोलाम, गोंड घरांना हे कोणी सांगत नाही. अर्ज आईच्या किंवा बायकोच्या नावाने करायचा.

शिक्षा झाल्यावर कोणीतरी सुचवेल, उरलेली शिक्षा भारतात भोगू द्या. २००३ चा कैद्यांना मायदेशी आणण्याचा कायदा आहे, बऱ्याच देशांशी करारही आहेत. निकाल अंतिम हवा, साधारण सहा महिने तरी शिक्षा उरलेली हवी, फाशीची नसावी, आणि कैद्याची स्वतःची संमती हवी. पण निर्दोष माणसासाठी यात मोठी अडचण आहे. निकाल अंतिम व्हायचा तर अपील संपलेलं किंवा सोडलेलं असावं लागतं, आणि इथल्या कोर्टाला तो खटला पुन्हा तपासता येत नाही. नागपूर किंवा अमरावतीच्या तुरुंगात घरचे भेटतील, भाषा आपली असेल, जीव वाचेल. डाग मात्र राहील. दोन्ही बाजू कैद्याला लेखी कळव, निर्णय त्याचा.

रक्तमूल्याच्या, म्हणजे मेलेल्याच्या घरच्यांना पैसे देऊन माफी मिळवण्याच्या प्रकरणातही असंच अर्धवट सांगितलं जातं. कोझिकोडच्या एका ड्रायव्हरसाठी २०२४ मध्ये लोकांनी ३४ कोटी रुपये जमवले, सौदीतल्या कुटुंबाने माफी दिली, फाशी रद्द झाली. तरी माणूस लगेच सुटला नाही, कारण तिथे कुटुंबाचा खासगी हक्क वेगळा आणि सरकारचा, म्हणजे सार्वजनिक हक्क वेगळा. कुटुंबाची माफी पहिल्यापुरतीच.

गावागावांत बोलायला जाशील तेव्हा मात्र तुरुंगाच्या आधीचं सांग. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर सहसा 'ईसीआर' असतं, म्हणजे नोकरीला जाण्याआधी सरकारी तपासणी लागते. त्यांना आखातासह १८ देशांत नोकरीला जाताना सरकारच्या ईमायग्रेट पोर्टलवर नोंद लागते, करार तपासला जातो, दहा लाखांचा प्रवासी भारतीय विमा निघतो. एजंट तीस हजार रुपये आणि जीएसटी याहून जास्त घेऊ शकत नाही. दहावी झालेल्याला ही नोंद सक्तीची नाही, म्हणून आपली दहावी-बारावीची पोरं कुठल्याच वहीत नसतात. त्यांनी स्वतःहून नोंद करावी. फिरण्याच्या व्हिसावर नोकरीला जाणं हीच बहुतेक अटकांची सुरुवात आहे. थायलंडला 'डेटा एंट्री'साठी नेऊन म्यानमारच्या म्यावाडीत सायबर फसवणुकीच्या कोंडवाड्यात विकलेली पोरं आठव. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी पाचशेहून जास्त जण परत आणावे लागले.

आणि पिशवी. सावजी मसाल्यात खसखस असते. यूएई आणि सौदीत खसखस म्हणजे अमली पदार्थ, मग ती घरच्या मसाल्यात दळलेली का असेना. आया प्रेमाने मसाला बांधून देतात, त्यांनाच हे सांगायला हवं. सिंगापूरला चघळायची तंबाखू नेणं हाच गुन्हा, म्हणजे खर्राही. कोडीनचं खोकल्याचं औषध, ट्रामाडोल, झोपेच्या गोळ्या पुष्कळ देशांत नुसत्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर चालत नाहीत, त्या देशाची आगाऊ परवानगी लागते. दुसऱ्याचं पार्सल सख्ख्या मावशीने दिलं तरी उघडून, शिवण तपासून मगच, आणि शक्यतो नाहीच.

बोभाटा करायचा की गप्प राहायचं, हा प्रश्न दर वेळी येईल. प्रकरण राजकीय असेल तर आवाज उपयोगी पडतो. ब्रिटिश संशोधक मॅथ्यू हेजेस यांच्या पत्नीने आधी काही महिने गप्प राहून पाहिलं, मग उघड बोलल्या. २१ नोव्हेंबर २०१८ ला यूएईने हेजेस यांना जन्मठेप दिली आणि २६ तारखेला माफी. पण माफी म्हणजे निर्दोष सुटका नव्हे. साध्या चोरी-मारामारीच्या किंवा अमली पदार्थाच्या खटल्यात टीव्हीवर त्या देशाला शिव्या दिल्या तर न्यायाधीश सोडा, आपल्याला मदत करणारा तुरुंगाचा कारकूनही तोंड फिरवतो. आणि तिकडच्या मदतनीसांचं नाव कधीही उघड करू नकोस. पाकिस्तानात अडकलेल्या मुंबईच्या हामिद अन्सारीच्या आईच्या वतीने तिथे अर्ज करणारी पत्रकार झीनत शहजादी २०१५ मध्ये लाहोरातून गायब झाली, दोन वर्षांनी सापडली. हामिद डिसेंबर २०१८ मध्ये घरी आला. त्याच्या सुटकेची किंमत आधी तिने मोजली.

संयुक्त राष्ट्रांचा मनमानी अटकेविषयीचा कार्यगट १९९१ पासून जिनिव्हात आहे. पाच तज्ज्ञ, फी नाही, वकील लागत नाही, आणि त्या देशातले सगळे अपील संपायची वाट पाहावी लागत नाही. ठरलेली प्रश्नावली भरायची, कैद्याची संमती जोडायची. सरकारला उत्तरासाठी ६० दिवस मिळतात. कार्यगटाचं मत कोणावर लादता येत नाही, पण अशी अटक मनमानी होती हे छापील कागदावर मिळतं आणि पुढे प्रत्येक अर्जाला जोडता येतं. अर्जात 'अमानुष', 'राक्षसी' असे शब्द नकोत. तारीख, वेळ, खोलीची लांबी-रुंदी, किती माणसं, किती दिवस एकट्याला ठेवलं. कैद्यांना कसं वागवावं याच्या संयुक्त राष्ट्रांच्या मंडेला नियमांप्रमाणे सलग १५ दिवसांपेक्षा जास्त एकांतवास निषिद्ध आहे, म्हणून 'खूप दिवस'ऐवजी 'सोळा दिवस' लिहिलेलं कामाचं. मारहाणीच्या खुणांची नोंद इस्तंबूल प्रोटोकॉल नावाच्या पद्धतीने डॉक्टरकडून करून घेतात, मोजपट्टी ठेवून फोटो काढतात. परत आलेल्याला आधी सरकारी दवाखान्यात ने, सत्कार मग. आणि निर्दोष सुटलेल्याने निकालाची प्रमाणित प्रत विमानात बसण्याआधी हातात घ्यावी. नंतर पोलीस पडताळणीला तीच लागते आणि इथून मागवायची तर पुन्हा वकील.

पीटर ग्रेस्ट इजिप्तमध्ये ४०० दिवस तुरुंगात होते, कायली मूर-गिल्बर्ट इराणमध्ये ८०४ दिवस, चेंग लेई चीनमध्ये तीन वर्षांहून जास्त. पुढे या तिघांनी ऑस्ट्रेलियात अशाच कैद्यांसाठी मिळून काम सुरू केलं. तुझ्यासारख्यांनी हे काम केल्याचा मोठा गुण असा की आतून आलेल्या चिठ्ठीत काय लिहिलेलं नाही ते तुम्हाला वाचता येतं. त्याचा भारही आहे. तुझी हकीकत एकदा सावकाश, नीट लिहून काढ, आणि कोणी विचारलं तर तोच कागद दे. दर पत्रकारापुढे पहिल्यापासून सांगायची गरज नाही. झोप उडाली की टेली-मानसचा १४४१६ नंबर आहे, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. आत राहिलेल्या सोबत्यांची नावं, खुणा कुठेही सांगू नकोस, चांगुलपणानेही नाही.

पैशाचं एकच. तुझ्या किंवा माझ्या खात्यात कोणाच्या नावाने वर्गणी घेऊ नकोस. आधी ट्रस्ट धर्मादाय आयुक्तांकडे नोंदव, मग पावतीपुस्तक छाप. परदेशी माणसाकडून किंवा संस्थेकडून आलेला रुपयाही एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालच्या नोंदणीशिवाय घ्यायचा नाही, आपलाच माणूस परदेशी नागरिक झालेला असला तरी. कोणाचं वावर गहाण पडणार असेल तर आधी कल्याण निधीचा आणि विधी सेवेचा अर्ज झाला की नाही ते बघ. आणि कोणत्याही माउलीला 'पोळ्यापर्यंत सुटेल' असं सांगू नकोस. पुढची तारीख काय आहे आणि त्या दिवशी काय होणार आहे, तेवढंच सांग.

कोऱ्या फायली आणि रजिस्टर पोस्टाचे लिफाफे बाबांनी घेऊन ठेवलेत, पुढच्या एसटीने पाठवते.

तुझी,
आई